गोगलगाय, जलपर्णी, चिलापी आणि खापरा: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

बाहेरून येऊन इथे पसरलेल्या प्राण्या-वनस्पतींबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात सांगितलं होतं. पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतकं आलंय की सगळं छापणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलेले थोडे कमी केलेत. नावं देत नाही, गाव तेवढं देतेय.

औसा, जि. लातूर
ताई, 2022 ला आमचं सोयाबीन उगवून वर आलं न आलं तोच गोगलगायींनी रानच्या रान साफ केलं, दुबार पेरणी करावी लागली. तवापासून दरसाल पाऊस पडला की पोटात गोळा येतो. कुणी मीठ टाका म्हणतं, दुकानदार गोळ्या देतो, त्या खाऊन शेजारच्याचं कुत्रं मेलं. आमच्या लहानपणी ह्या नव्हत्या. आल्या कुठून आणि करायचं काय?

दादा, आधी कामाचं सांगते, मग कुठून आल्या ते. 2022 च्या जुलैमध्ये लातूर, बीड आणि धाराशिव तिन्ही जिल्ह्यांतून हीच ओरड होती, त्यामुळे तुमच्याच रानाचं काही चुकलं असं मनात आणू नका. ही आफ्रिकन गोगलगाय, शंखी म्हणतात ती. दिवसा ती बांधावरच्या गवतात, दगडाखाली, शेणखताच्या ढिगाऱ्यात लपून बसते आणि अंधार पडला, हवेत ओल असली की बाहेर निघते. सोयाबीन नुकतं उगवलेलं असताना ती दलं आणि शेंडा खाते म्हणून ते रोप परत फुटतच नाही, तेच सोयाबीन जरा मोठं झालं की ती एवढं वाटोळं करू शकत नाही. म्हणजे सगळी लढाई पेरणीच्या आधीपासून उगवणीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांपर्यंतची आहे, आणि आपण नेमके तेव्हा दुसऱ्या कामात अडकलेलो असतो.

उन्हाळ्यात खोल नांगरट करा, बांध स्वच्छ ठेवा. तिची अंडी साबुदाण्यासारखी असतात, पांढरी-पिवळसर, मातीत थोडंसं खाली झुबक्याने घातलेली, एका वेळी शंभर-दोनशे, ती उन्हात उघडी पडली की वाळून जातात. पाऊस सुरू झाला की गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधाच्या कडेने जागोजागी टाका, रात्री त्या त्याखाली जमतात, सकाळी ऊन चढायच्या आत गोळा करा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ बादलीतच हं, रानात मीठ पसरू नका, जमीन खराब होईल. मेलेल्या गोगलगायी खड्ड्यात चुना टाकून पुरा. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घातल्याशिवाय हात लावू नका, लेकरांना तर अजिबात लावू देऊ नका, कारण हिच्या अंगात उंदरांपासून आलेला एक जंत असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बांधाला चुन्याचा पट्टा ओढतात तो कोरडा असेपर्यंत उपयोगी, एक सर पडली की गेला.

गोळ्यांचं म्हणाल तर मेटाल्डिहाइडच्या 2 टक्केवाल्या गोळ्या एकरी 2 किलो अशी शिफारस आहे, त्या काम करतात, पण त्याच्या वासाने कुत्री, कोंबड्या, वासरं येतात आणि जीव जातो. शेजाऱ्याचं कुत्रं तसंच गेलं असणार. टाकायच्याच असतील तर संध्याकाळी टाका, ढीग करू नका, जनावरं दोन-तीन दिवस बांधून ठेवा आणि शेजारच्या रानातल्या माणसाला आधी सांगा.

पण दादा, एकट्याने केलं तर फारसं काही होणार नाही. प्रत्येक गोगलगाय नर पण असते आणि मादी पण, म्हणजे कुठल्याही दोघी भेटल्या तरी भागतं, आणि एकदा भेट झाली की ते बीज ती कित्येक महिने अंगात साठवून ठेवते, त्यामुळे एकच जरी शेणखताच्या ट्रॉलीतून किंवा नर्सरीच्या रोपाच्या मातीतून नव्या गावात पोचली तरी तिथे वंश सुरू होऊ शकतो. तुमच्या बांधापलीकडच्याने काही केलं नाही तर पुढच्या पावसात त्या परत तुमच्याकडे. गावाने ठरवून सगळ्या शिवारात एकाच आठवड्यात गोळा करायच्या, ग्रामसभेत विषय घ्या, मी अगदी हात जोडून सांगते.

आता कुठून आल्या. मूळ पूर्व आफ्रिकेतल्या. 1847 साली विल्यम बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या, शेजाऱ्याला दिल्या आणि त्या तिथल्या बागेत सोडल्या गेल्या. तिथून रोपं, माती, माल ह्यांच्याबरोबर त्या देशभर गेल्या. ज्याने आणल्या त्याला एक पैसा भरावा लागला नाही आणि पावणेदोनशे वर्षांनी बियाण्याच्या दुसऱ्या पिशवीचे पैसे तुम्ही भरलेत. ह्या सगळ्या विषयातली मला सगळ्यात जास्त डाचणारी गोष्ट हीच आहे, आणणारा वेगळा आणि भरणारा वेगळा, आणि भरणारा बहुतेक वेळा गरीब.

कोल्हापूर, बीएस्सी दुसरं वर्ष
मॅडम, बाहेरून आलेल्या किडीचा तिच्या मूळ देशातला शत्रू आणून सोडला तर प्रश्न मिटेल ना? की तोच नवा प्रॉब्लेम होईल? आमच्या सरांची दोन्ही मतं आहेत.

सरांची दोन्ही मतं बरोबर आहेत बाळा, आणि योगायोग म्हणजे ह्याचं सगळ्यात वाईट उदाहरण वरच्याच गोगलगायीचं आहे. हवाईमध्ये आफ्रिकन गोगलगाय वाढली म्हणून 1955 मध्ये फ्लोरिडाकडची एक शिकारी गोगलगाय आणून सोडली, जी दुसऱ्या गोगलगायी खाते. तिने आफ्रिकन गोगलगायीकडे फारसं बघितलंच नाही, तिथल्या झाडांवर राहणाऱ्या छोट्या स्थानिक गोगलगायी तिला सोप्या पडल्या, त्या खात सुटली. एवढं समोर दिसत असताना 1977 मध्ये तीच शिकारी गोगलगाय ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर नेली आणि तिथल्या पार्टुला जातीच्या गोगलगायी दहा वर्षांत जंगलातून संपल्या. काही शास्त्रज्ञांनी त्यातल्या थोड्या वेळेत उचलून प्राणिसंग्रहालयांत वाढवल्या म्हणून त्यांचा वंश राहिला, आता कुठे त्यांना परत बेटावर सोडायला सुरुवात झालीय.

आता दुसरी बाजू, आणि ही आपल्याच मातीतली. तुझ्या पणजोबांच्या काळात दख्खनमध्ये फड्या निवडुंगाची रानं माजली होती, माणूस आत शिरू शकत नव्हता, जमीन कसणं तर लांबच. तो निवडुंग मूळ अमेरिकेतला. 1926 मध्ये श्रीलंकेतून त्याच्यावर जगणारा एक कोचिनील किडा आणला आणि त्या किड्याने काही वर्षांत दक्षिणेतला आणि दख्खनमधला फड्या निवडुंग बसवला. आज तुला तो कुठे कुठे एखाद्या बांधावर दिसतो तेवढाच. अलीकडचं बघायचं तर पपईवरचा पिठ्या ढेकूण. 2008 मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला, मग महाराष्ट्रातही पसरला, पपई, तुती ह्यांची पिकं पांढरी पडायला लागली, शेतकरी फवारून फवारून थकले. 2010 मध्ये त्याच्या मूळ भागातली एक इवलीशी गांधीलमाशी बंगळुरूच्या संस्थेमार्फत आणून, तपासून सोडली. ती त्या ढेकणाच्या अंगात अंडी घालते. थोड्या महिन्यांत ढेकूण आटोक्यात आला, आणि शेतकऱ्याला त्यासाठी एक पैसा खर्च करावा लागला नाही.

फरक कशात आहे बघ. कोचिनील किडा निवडुंगच खातो, ती माशी त्या ढेकणाशिवाय दुसऱ्या कशात वाढत नाही. शिकारी गोगलगाय मिळेल ती गोगलगाय खाते. म्हणून आणायच्या आधी बंद प्रयोगशाळेत त्याला आपली पिकं, आपल्या जवळच्या जाती समोर ठेवून बघतात की उपाशी मरतो का तिकडे वळतो, ह्या तपासणीला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. 1984 मध्ये गाजर गवतासाठी मेक्सिकोतला भुंगा आपल्याकडे सोडला, नंतर तो सूर्यफुलावर दिसला म्हणून केवढा गदारोळ झाला, पार सरकारी चौकशी झाली. शेवटी निघालं असं की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडलेले होते त्यामुळे तो तिथे कुरतडत होता, सूर्यफुलावर त्याची पिढी वाढत नाही. तो भुंगा आजही पावसाळ्यात आपल्याकडे गाजर गवताची चाळण करतो, फक्त पावसाळा संपला की मातीत जाऊन झोपतो आणि तोवर गवताने बी टाकलेलं असतं, त्यामुळे एकट्या त्याच्यावर भागत नाही. फुलं यायच्या आत उपटणं आणि मोकळ्या जागेत तरोट्याचं बी फेकणं हे सोबत करावं लागतं.

पवनेच्या काठची एक सोसायटी, पिंपरी-चिंचवड
दर फेब्रुवारी-मार्चला जलपर्णीने नदी हिरवीगार, डास एवढे की संध्याकाळी खिडकी उघडता येत नाही, मग टेंडर निघतं, मशीन येतं, काढतात, आणि पुढच्या वर्षी परत तेच. हा पैसा कुठपर्यंत ओतायचा?

काका, जोपर्यंत नदीत मैलापाणी येतंय तोपर्यंत. हे मी चिडून नाही, विचार करून लिहितेय.

जलपर्णी मूळ दक्षिण अमेरिकेतली, तिच्या जांभळ्या फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आणली. तिथे तिने नद्या, भातखाचरं अशी काही धरली की 1936 मध्ये तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला, ज्याच्या जमिनीत जलपर्णी असेल त्याने ती काढलीच पाहिजे असा. तिला हवं असतं संथ पाणी, ऊन आणि नायट्रोजन-फॉस्फरस, आणि आपल्या शहरातलं सांडपाणी म्हणजे तिच्यासाठी आयतं खत. असं पाणी मिळालं की दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. पावसाळ्यात धरणाचं पाणी सुटलं की बरीच वाहून खाली जाते, लोकांना वाटतं गेली, पण काठाला अडकलेली राहते आणि गाळात पडलेलं बी वीस वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतं.

मशीनने काढण्यात दोन गोष्टी बघा. ती निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असते, नव्वद टक्क्यांच्या वर, म्हणजे डंपरमधून आपण पाणीच वाहून नेतो आणि त्याचं भाडं भरतो. आणि वरच्या अंगाला तशीच ठेवून खालच्या अंगाची काढली तर आठवड्यात ती वाहत येऊन परत तिथे बसते. काढायची तर वरून खाली काढत यायची, आणि डिसेंबर-जानेवारीत पट्टे छोटे असताना काढायची, फेब्रुवारीत नदी झाकल्यावर कामाला लागलं की खर्च वाढतो आणि हाती काही लागत नाही. तुमच्या सोसायट्यांनी मिळून हे दोन मुद्दे टेंडरच्या अटींत घाला असं लेखी मागा.

तिला खाणारे सोंडे किडे पण आहेत, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरूला आणून सोडले आणि तिथल्या तळ्यांत त्यांनी काम केलं, आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही केलं. पण त्यांना दोन-चार वर्षं लागतात, आणि दर वर्षी मशीनने सगळं उचललं तर किडे पण डंपरमध्ये जातात. जिथे मैलापाण्याचं खत भरपूर तिथे किडा खातो त्याच्यापेक्षा जलपर्णी जास्त वेगाने वाढते. सगळे रस्ते फिरून शेवटी सांडपाणी प्रक्रियेवर येतात, काका. प्लांट कागदावर आहे का चालू आहे, त्यातून निघणारं पाणी नदीत कुठल्या अवस्थेत पडतंय, हे विचारत राहा.

काहीजण विचारतात की टोपल्या, चटया, खत करून रोजगार का नाही. करा, जरूर करा, बायकांना काम मिळतं. फक्त त्याने जलपर्णी संपेल असं मनात धरू नका, आणि ज्याचा कारखाना जलपर्णीवर चालतो त्याला ती संपायला नकोच असणार हे पण लक्षात ठेवा.

पैशाचं विचारलंत म्हणून सांगते. अशा बाहेरून येऊन पसरलेल्या जातींनी 1960 ते 2020 ह्या काळात भारताचं जे नुकसान नोंदलं गेलंय ते एका अभ्यासात मोजलं, किमान 127 अब्ज डॉलर निघालं, आणि हे मोजक्याच जातींचं, बाकीच्या शेकडो जातींचा हिशोब कुणी मांडलेलाच नाही. जगाचा आकडा 2023 च्या आंतरराष्ट्रीय अहवालात दिलाय, वर्षाला 423 अब्ज डॉलरहून जास्त, आणि नोंद झालेल्या नामशेष जातींपैकी 60 टक्क्यांमागे ह्या आक्रमक जातींचा हात आहे, एकट्याने किंवा दुसऱ्या कारणांसोबत. ह्यात तुमच्या घरात पेटवलेली डासांची कॉइल आणि औशातल्या दादांची दुबार पेरणी धरली असेल असं मला नाही वाटत.

भिगवण परिसर, उजनीचा काठ
आमचं पोट चिलापीवर हाय बाई. पेपरात येतं चिलापी वाईट. मग आम्ही काय खायचं?

मावशी, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि त्याला गोड उत्तर माझ्याकडे नाही. चिलापी काढून टाका असं मी म्हणणार नाही, उजनीसारख्या पाण्यातून ती काढता येणारही नाही. ती आफ्रिकेतली, 1952 मध्ये श्रीलंकेतून आपल्या देशात आणली, लोकांना स्वस्त मासा मिळावा ह्या चांगल्या हेतूने. थोड्याच वर्षांत तिच्यावर सरकारी पातळीवर मनाई आली, पण तोवर सुटली होती. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते म्हणून तिची पिल्लं जगतात, आणि काही महिन्यांची झाली की ती पण अंडी घालायला लागतात. दाटी झाली की मासा लहानच राहतो. त्यामुळे जाळं भरतं पण भाव मिळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

वाम, मरळ, आहेर, शिंगटा, ज्याला भाव आहे ते मासे कमी झाले त्यात चिलापीचा वाटा आहे, पण सगळा दोष तिच्यावर टाकला तर बाकीचे सुटतात. वरून येणारं शहराचं घाण पाणी आहे, बारीक आसाची जाळी आहेत ज्यात आपल्या माशांची बोटभर पिल्लं पण जातात, आणि चिलापीला अशा पाण्याचं काही वाटत नाही, दुसऱ्या माशांना वाटतं. तुमच्या हातात आहे ते एवढंच की बारीक जाळी कुणी टाकू नये म्हणून सगळ्यांनी मिळून उभं राहायचं, आणि पावसाळ्यात आपले मासे वर चढतात तेव्हा ओढ्याच्या तोंडाला जाळं लावू द्यायचं नाही. चिलापी मात्र लहान-मोठी सगळी काढा, खा, विका. आणि आफ्रिकन मांगूर कुणी तळ्यात पाळत असेल तर त्याला सांगा की त्याच्यावर 2000 पासून बंदी आहे, तो सुटला तर चिलापी परवडली म्हणायची वेळ येईल, तो दुसरे मासे खातो.

ठाणे
घरच्या टँकमधला काच चाटणारा मासा फार मोठा झालाय. तलावात सोडला तर चालेल ना? मारायचं जिवावर येतं.

नाही, प्लीज सोडू नका. हा सकर मासा, दक्षिण अमेरिकेतला, अंगावर चिलखत असतं म्हणून आपल्याकडचा कुठलाच मासा किंवा पक्षी त्याला सहज खाऊ शकत नाही. तो काठात बिळं करतो आणि त्याचे काटे मासेमाराची जाळी फाडतात. ज्या दुकानातून घेतला त्याला परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कुणाला द्या. लाल पट्टीवालं छोटं कासव असेल तर त्याचंही हेच.

सावंतवाडी, इयत्ता अकरावी
आमच्याकडे काजूवर अख्खं घर चालतं आणि काजू पण परदेशी. मग तो आक्रमक का नाही? मिरची, बटाटा, पेरू पण परदेशीच ना?

किती छान विचारलंस. बाहेरचं म्हणजे वाईट असं नाहीच मुळी. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणला, मिरची, बटाटा, पेरू, अननस, सीताफळ, भुईमूग सगळे अमेरिकेतले. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय आपला एकादशीचा फराळ होत नाही आणि तो पण तिकडचाच. ह्यातली बहुतेक झाडं आपण लावली तिथेच राहतात, मिरची तुझ्या परसातून निघून डोंगर व्यापत नाही. आक्रमक म्हणायचं ते अशाला जे कुणी लावलं नाही तरी आपलं आपण पसरतं आणि तिथल्या जित्राबांची, माणसांची जागा, पाणी, अन्न काढून घेतं.

तुझ्याच भागात बघ, रस्त्याच्या कडेला, तोडलेल्या जंगलात रानमोडी माजलेली दिसेल. बी वाऱ्याने जातं, गुरं खात नाहीत, उन्हाळ्यात वाळून अशी पेटते की सोबतची रोपं पण जातात आणि ती स्वतः बुडातून परत फुटते. सड्यावर, डोंगरावर घाणेरी आहे. ती 1800 नंतरच्या पहिल्या दशकात कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली होती, आणि आता भारताच्या कितीतरी जंगलांत तिच्यामुळे गवत उगवत नाही, हरणांना चारा नाही, गुरांनी खाल्ली तर कावीळ होते आणि कातडी उन्हाने सोलते. घाणेरी कोयत्याने छाटू नकोस, जोमाने फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार इंचांवर तोडून, झाड ओढून उलटं ठेवायचं, आणि त्या जागेवर लगेच स्थानिक गवत, झाडं लावायची. पुढची दोन-तीन वर्षं पाखरांनी टाकलेल्या बियांची रोपं उपटत राहायचं. हा पाठपुरावा कुणी करत नाही, एक दिवस शाळेचा कॅम्प होतो, फोटो निघतात, आणि पुढच्या पावसात जागा परत घाणेरीची. तुमच्या कॉलेजने एकच छोटी जागा घ्यावी पण ती तीन वर्षं सोडू नये.

काजूचं एक मात्र आहे. काजू स्वतः पसरत नसला तरी काजूसाठी जंगल तोडून सलग बागा होतात तेव्हा तिथली झाडं जातातच, तो दोष झाडाचा नाही, आपला आहे.

मेलबर्न, ऑस्ट्रेलिया
आईने बॅगेत घरचे तांदूळ, धणे आणि थोडे हरभरे दिले होते, विमानतळावर सगळं काढून घेतलं. आई रडकुंडीला आली. आपलं स्वच्छ निवडलेलं धान्य, त्यात कसलं आलंय आक्रमण?

ताई, आईंचं वाईट वाटणं मला समजतं, पण ह्यात अधिकाऱ्यांचं बरोबर आहे. ज्याला ते घाबरतात तो आपल्याचकडचा आहे, खापरा भुंगेरा. ह्याचं मूळ घर भारतीय उपखंड. डाळ-तांदळात, मसाल्याच्या बियांत ह्याच्या केसाळ अळ्या असतात, इतक्या बारीक की निवडताना दिसत नाहीत, पोत्याच्या शिवणीत, लाकडाच्या फटीत लपून बसतात आणि काही न खाता वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात. आत शिरल्या की साठवलेल्या धान्याचा भुगा करतात आणि त्यांचे केस मिसळलेलं धान्य खाण्यालायक राहत नाही. कॅलिफोर्नियात 1953 मध्ये हा सापडला तेव्हा त्यांना गोदामंच्या गोदामं झाकून विषारी वायू सोडावा लागला, ते काम कित्येक वर्षं चाललं. ऑस्ट्रेलिया बाहेर भरपूर गहू विकणारा देश, त्यांच्याकडे खापरा वसला तर गहू घेणारे देश दार लावतील. म्हणून 2020 पासून त्यांनी तांदूळ, हरभरे, धणे-जिऱ्यासारख्या गोष्टी प्रवाशांच्या सामानातून आणण्याचे नियम कडक केले.

आपण नेहमी तिकडून काय आलं एवढंच बोलतो, पण इकडून गेलेलंही कमी नाही. तुमच्या अंगणात साळुंकी येत असेल ना, ती 1862 च्या सुमारास मेलबर्नलाच पहिल्यांदा सोडली, बागायतीतले किडे खाईल म्हणून, आणि आता ती झाडांच्या ढोल्या बळकावते आणि तिथल्या पोपटांना घरटं मिळत नाही. आपला कावळा झांझिबारला नेला, तिथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. आपलं मुंगूस 1872 मध्ये कलकत्त्याहून जमैकाला नेलं, उसातले उंदीर मारायला, आणि त्याने तिथले जमिनीवर राहणारे पक्षी, सरडे खाल्ले.

पुढच्या वेळी आईंना सांगा की धान्य, बिया, रोप, तुळशीची मंजिरी, मातीचा गणपती, लाकडी पोळपाट असलं काहीही असेल तर उतरण्याआधी जे कार्ड भरायला देतात त्यात "आहे" असं लिहायचं, लपवायचं नाही. लिहिलं तर फार तर ती वस्तू जाते, लपवलं आणि सापडलं तर मोठा दंड होतो, व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. काय चालतं काय नाही ह्याची यादी तिथल्या सरकारच्या साइटवर असते, ती बदलते, म्हणून बॅग भरायच्या आदल्या दिवशी परत एकदा बघा.